रात्री बोटीवरून बास पकडताना कुठला लाइट कशासाठी: एका बोटीचं पूर्ण प्रकरण

आधी बोट आणि माणसं सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. बोट साधारण १८ फुटी, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास, दोघांची. पुढच्या डेकवर दादा, माझा आतेभाऊ, पायाने ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोट हळू सरकवणारी छोटी विजेची मोटर, चालवत उभा असतो आणि मागच्या डेकवर वहिनी. धरणाचा मोठा जलाशय, पाणी हिरवट आणि थोडं गढूळ, हात कोपराच्या वर बुडवला की बोटं दिसेनाशी होतात एवढं. मासा लार्जमाउथ बास. उन्हाळ्यात हा मासा दिवसा खोल पाण्यात नाहीतर सावलीत दबून बसतो आणि रात्र झाली की उथळात खडकांच्या आसपास खायला येतो, म्हणून दोघं अंधार पडल्यावरच निघतात. पद्धतही एकच, किनाऱ्याला समांतर हळूहळू सरकत राहायचं, किनाऱ्याकडे काळं जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा आमिषाचा गळ, टाकायचं, ते ढिल्या लाइनवर, म्हणजे गळाच्या दोरीवर, तळाला जाऊ द्यायचं आणि मग छोट्या छोट्या उड्या मारवत परत आणायचं.

तक्रार वहिनींची होती. मासा चावतो पण गळाला लागत नाही. "हाताला काही कळेपर्यंत तो सोडून गेलेला असतो, दिवसा असं होत नाही," असं त्यांचं म्हणणं, आणि मला वाटतं अख्ख्या प्रकरणाची किल्ली या एका वाक्यात होती. दादाचं लक्ष दुसरीकडे होतं. त्याने बोटीच्या कडेला चारी बाजूंनी हिरवी एलईडी पट्टी लावली होती, दोघांच्या डोक्याला पांढरे हेडलॅम्प, मागे आखूड दांडीवरचा पांढरा लाइट, आणि आता त्याला अजून ब्राइट, पाण्यात सोडायचे हिरवे लाइट घ्यायचे होते, म्हणजे मासे बोटीकडे येतील. मला त्याने विचारलं ते फक्त कुठले घेऊ एवढंच.

हिरव्या लाइटबद्दल दादाने जे ऐकलं होतं ते खोटं नाही. पाण्यात हिरवा उजेड स्थिर ठेवला की बारीक प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, उजेडाकडे जमतात, ते खायला चिंगळ्या छोटे मासे येतात आणि त्यांच्यामागे मोठे. हिरवट गढूळ पाण्यात हिरवा रंग बाकीच्यांपेक्षा लांबपर्यंत जातो, एकदम नितळ पाण्यात निळा जातो. पण ही साखळी जमायला वेळ लागतो आणि बोट एका जागी थांबलेली लागते. नांगर टाकून क्रॅपी किंवा स्ट्राइप्ड बास असले दुसरे मासे धरणाऱ्यांना याचा खरंच उपयोग होतो, किंवा धक्क्याला रोज रात्री लाइट चालू असेल तर तिथे रोज मासे असतात, बासही असतात. दादा आणि वहिनी मात्र कुठेच थांबत नाहीत, किनारा चाळत जातात. चालत्या बोटीभोवती प्लवंग जमणार कधी? आणि जिथे जिग पडतं ती जागा बोटीपासून चांगली लांब असते, तिथे या लाइटचा काही संबंधच येत नाही. त्यामुळे हिरवे लाइट घ्यायचा विषय मी पहिल्याच बोलण्यात बंद केला, आणि दादा थोडा नाराज झाला, ते साहजिक आहे.

मग आम्ही तिघं रात्री पाण्यावर गेलो, मासे धरायला नाही, फक्त बघायला. रहदारीपासून लांब, एका शांत फाट्यात नांगर टाकला, वरचा पांढरा लाइट सोडून सगळं बंद केलं, फिशफाइंडरची, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणाऱ्या यंत्राची, स्क्रीनसुद्धा, आणि त्या लाइटकडे पाठ करून बसून राहिलो. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत असतं पण किती लागतो हे माहीत नसतं. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी दहाएक मिनिटांत सावरतात, पण खऱ्या अंधारात बघणाऱ्या ज्या दंडपेशी असतात त्यांना वीस मिनिटं ते अर्धा तास आणि कधी त्याहून जास्त लागतो. आणि हे सगळं मोडायला पांढऱ्या हेडलॅम्पचा एक झोत पुरतो, मग परत पहिल्यापासून. आम्ही बसलो तेव्हा हळूहळू किनाऱ्याची रेघ दिसायला लागली, मग पाण्यातून वर आलेले झाडांचे बुंधे, मग चक्क खडकांमधल्या फटी. वहिनी म्हणाल्या, "एवढं दिसतं इथे?" इतके उन्हाळे त्या या पाण्यावर येतायत आणि हा किनारा त्यांनी रात्री बघितलाच नव्हता, कारण डोळ्यापुढे कायम काहीतरी पेटलेलं.

मग एकेक लाइट चालू करत गेलो.

पहिली हिरवी पट्टी. किनारा गेला. बोटीभोवती दोन-तीन हात पाणी उजळलं आणि त्यात तरंगणारा सगळा गाळ चमकायला लागला, धुक्यात गाडीचा हाय बीम लावल्यावर जसं होतं अगदी तसं, उजेड भरपूर आणि दिसत काहीच नाही. लाइन कुठे आहे हे मी वहिनींना विचारलं तर त्यांना रॉडच्या टोकापुढे काहीच दिसत नव्हतं. पाच मिनिटांत चिलटं आणि पाखरं आली ती वेगळीच. किड्यांना आखूड तरंगलांबीचा उजेड जास्त खेचतो, म्हणजे अतिनील, जांभळा, निळा, आणि पांढऱ्या एलईडीतही निळा भरपूर असतो. हिरव्याला त्या मानाने कमी येतात पण एवढी मोठी पट्टी असेल तर येतातच.

पण पट्टीचा खरा धोका वेगळा होता आणि तो बोटीत बसून दिसत नाही. त्यासाठी एका ओळखीच्या माणसाच्या बोटीतून मी लांब गेलो आणि दादाला सांगितलं की नांगर काढ, पुढचे लाल-हिरवे लाइट लाव, पट्टी लाव आणि हळूहळू चाल. रात्री समोरची बोट कुठल्या दिशेला चाललीय हे फक्त रंगावरून कळतं, डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, प्रत्येक एकशे साडेबारा अंशात दिसणारा, आणि छोट्या बोटीला वर एक पांढरा जो चहूबाजूंनी दिसतो. मी दादाच्या डाव्या बाजूला होतो, मला लाल दिसायला हवा होता. दिसत होता तो लांबच लांब हिरवा आणि त्यात कुठेतरी हरवलेला एक लाल ठिपका. मला रात्री वेगाने येताना हे दिसलं असतं तर मी ती बोट उलट्या दिशेला चाललीय असंच समजलो असतो, आणि लाल दिसला की वाट द्यायची तिथे वाट न देता गेलो असतो. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे १९७२चे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यातला २०वा नियम हेच सांगतो, सूर्यास्त ते सूर्योदय ठरलेले लाइट लावा आणि त्यांच्याशी गफलत होईल, ते झाकले जातील किंवा नजर ठेवायला अडथळा होईल असे दुसरे लाइट लावू नका. अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमांतही तेच आहे. मी परत येऊन दादाला एवढंच म्हणालो की वहिनी मागे बसतात आणि धडक बाजूने किंवा मागूनही बसू शकते. पट्टीचा फ्यूज त्याने तिथल्या तिथे काढला.

याच संदर्भात अजून एक गोष्ट, जी बऱ्याच लोकांना वेगळीच वाटते. ट्रोलिंग मोटरवर सरकणारी बोट, किंवा मोटर बंद करून नुसती वाहत जाणारी बोटसुद्धा, नियमाच्या भाषेत चालती बोट आहे. नांगर टाकलेला नाही, कुठे बांधलेली नाही, तळाला रुतलेली नाही म्हणजे चालती, आणि म्हणून लाल, हिरवा आणि पांढरा तिन्ही चालू हवेत. नांगर टाकला की फक्त पांढरा. सात मीटरपेक्षा लहान बोट रहदारीच्या वाटेपासून लांब नांगरली असेल तर तोही नसला तरी चालतं असं नियम म्हणतो, पण मी म्हणेन लावाच, दुसऱ्याला तुमचा नांगर दिसत नसतो. मासे बिचकतील म्हणून लाल-हिरवे बंद करणारे लोक मी बघितलेत आणि मला ते बघवत नाही.

पुढचा नंबर मागच्या पांढऱ्या लाइटचा. आखूड दांडी, लाइट बरोब्बर वहिनींच्या डोळ्याच्या उंचीवर, त्यामुळे त्या मासे धरताना त्याच्यावर टोपी घालायच्या आणि लांबून बघितलं तर तो लाइट अर्धा वेळ नव्हताच. टोपी नसली तरी उभ्या माणसाच्या अंगाने तो पुढून झाकला जायचा. १२ मीटरखालच्या बोटीला हा पांढरा लाइट लाल-हिरव्यापेक्षा किमान एक मीटर वर हवा, पण उभं राहून मासेमारी करणाऱ्यांना एक मीटर पुरत नाही. त्यांच्यासाठी उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर जाईल अशी लांब दांडी घेतली आणि लाइटच्या खाली एक काळी चकती, जेणेकरून उजेड आडवा चहूकडे जातो पण डेकवर पडत नाही. इतका साधा बदल आहे हा, आणि वहिनींच्या मते सगळ्यात मोठा.

हेडलॅम्पचं काय झालं ते सांगायला फार नाही. दादा बोलायला मागे वळला की वहिनींच्या डोळ्यात झोत. ते आता कपाळावर नाही, गळ्यात, खाली तोंड करून, आणि लाल मोडवर. लाल उजेडाने दंडपेशींची सवय कमी मोडते, कारण त्यांना लांब तरंगलांबी जवळजवळ दिसतच नाही, फक्त तो मंद हवा, भगभगीत लाल लावला तर काही फायदा नाही. लाल उजेड माशांना दिसत नाही असं मात्र समजू नका. लार्जमाउथच्या डोळ्यावरचा २०१९मधला एक अभ्यास आहे, त्यात त्याच्या डोळ्यात रंगाच्या दोनच प्रकारच्या पेशी सापडल्या, एक हिरव्याला, ५३५ नॅनोमीटरच्या आसपास, आणि दुसरी लालला, ६१४च्या आसपास. म्हणजे लाल त्याला चांगला दिसतो. काळोखात तोही दंडपेशींवरच बघतो हे खरं, तरी डेकवरचा लाल उजेड डेकवरच राहील, पाण्यावर सांडणार नाही असा बसवला. दोन छोटे लाल लाइट, गुडघ्याच्या खाली, कप्प्याच्या आत तोंड करून. गाठ मारायला, पाय कुठे पडतोय ते बघायला आणि जाळं उचलायला तेवढं पुरतं.

आता मुख्य गोष्ट, वहिनींची तक्रार. मासा लागत नाही याचं कारण हातात नव्हतंच. जिग ढिल्या लाइनवर खाली जात असतं तेव्हा बास ते नुसतं पाण्यासकट आत ओढतो आणि चव आवडली नाही की बाहेर फेकतो, आणि लाइन ढिली असल्यामुळे रॉडपर्यंत काही पोचत नाही. ते फक्त लाइनवर दिसतं. लाइन टुणकन हलते, किंवा बाजूला सरकायला लागते, किंवा जिग अजून तळाला लागायचं असताना मध्येच पडायची थांबते. दिवसा वहिनी नकळत लाइनकडे बघूनच झटका देत होत्या, रात्री त्यांचे डोळेच काढून घेतले होते. तेव्हा या बोटीला उजेड हवा होता तो पाण्याला नाही, माशाला नाही, रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंतच्या लाइनला.

त्यासाठी ब्लॅक लाइट. अतिनील एलईडी, आणि फ्लुओरेसंट लाइन, जिच्यात अतिनील पडला की निळसर चमकणारं द्रव्य घातलेलं असतं. लाइटमध्ये दोन जाती मिळतात, ३९५ ते ४०५ नॅनोमीटरवाले स्वस्त, ज्यांचा जांभळा उजेड आपल्यालाही बऱ्यापैकी दिसतो, आणि ३६५वाले महाग, ज्यांचा स्वतःचा उजेड अगदी कमी दिसतो आणि चमकते ती फक्त लाइन. यांच्या बोटीला मी ३९५वालेच सुचवले. किनाऱ्यापासून यांचं अंतर जास्त नसतं, आणि तो मंद जांभळा उजेड किनाऱ्याच्या पहिल्या खडकांवर थोडा पडतो त्याचा टाकताना उपयोग होतो.

लाइट घेण्याआधी लाइन तपासली, आणि हे कुणीही करावं. अंधाऱ्या खोलीत घरातली सगळी रिळं मांडली आणि छोटा अतिनील टॉर्च फिरवला. दादाची आवडती फ्लुओरोकार्बन लाइन जवळजवळ मेलेली, चमकच नाही. नावात फ्लुओरो आहे म्हणून लोकांना ती चमकेल असं वाटतं, तसं नाही, तो नावाचा भाग त्यातल्या फ्लोरिनमुळे आहे. साधी पारदर्शक मोनो, म्हणजे एकाच धाग्याची नायलॉन लाइन, थोडी चमकली, निळसर फ्लुओरेसंट म्हणून विकतात ती मोनो तर दोरखंडासारखी जाड दिसायला लागली, पिवळी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, तीही चांगली पेटली. दादाचा आक्षेप होता की मोनो ताणली जाते, फ्लुओरोकार्बनइतकी हाताला लागत नाही. बरोबर आहे, पण ढिल्या लाइनवर हाताला तसंही काही लागत नव्हतं, मग त्या गुणाचा काय उपयोग. शेवटी वहिनींच्या रॉडला १७ पौंडी निळसर मोनो, आणि दादाने स्वतःच्या रॉडला पिवळी ब्रेड आणि पुढे, गळाच्या बाजूला, वावभर फ्लुओरोकार्बनचा तुकडा, म्हणजे लीडर, असं केलं. चमकणाऱ्या लाइनने मासा बिचकणार नाही का, हे त्याने विचारलंच. चमकते ती पाण्याबाहेरची लाइन. अतिनील उजेड अगदी तिरका पडला की बराचसा पृष्ठभागावरून परत फिरतो आणि जो आत जातो तो गढूळ पाणी पटकन खाऊन टाकतं. एकदम नितळ पाणी असतं तर मी दादासारखाच लीडर वहिनींनाही लावायला सांगितलं असतं.

बसवताना जागेवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो घालवावाच. आधी लाइट कडेच्या वरच्या बाजूला ठेवून बघितला तर डेक पांढरं असल्यामुळे तेच उजळलं आणि डोळ्यात आलं. कडेच्या बाहेरच्या अंगाला, ओठाखाली, किंचित वर तोंड करून लावला तेव्हा जमलं, एलईडी स्वतः उभ्या माणसाला दिसत नाही आणि लाइन मात्र रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंत एक रेघ दिसते. दोन्ही बाजूंना एकेक पट्टी, स्विच वेगळे, ज्या बाजूला किनारा तीच चालू. उघड्या डोळ्यांनी या एलईडीत वाकून बघायचं नाही, डोळ्याला चांगलं नाही, आणि साधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा चष्मा घातला तर अतिनील बराच अडतो आणि अंधारात उडालेल्या गळापासूनही डोळा वाचतो. वहिनी पहिल्या रात्री पांढरा शर्ट घालून आल्या आणि बाही अशी पेटली की लाइनपेक्षा तीच दिसत होती. कपड्याच्या साबणात पांढरेपणासाठी जे घालतात ते आणि लाइनमधलं द्रव्य एकाच जातीचं. तेव्हापासून गडद कपडे.

विजेचा हिशोब थोडक्यात. जुनी पट्टी मीटरला १४.४ वॅटवाली, कडेने साधारण १० मीटर, म्हणजे १४४ वॅट, १२ व्होल्टवर १२ अँपिअर, आणि सहा तासांची रात्र धरली तर ७२ अँपिअर-तास. ते जोडलेलं इंजिन स्टार्ट करायच्या बॅटरीला! १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी असं धरलं तर ही पट्टी रात्र संपायच्या आधीच तिला खाली बसवणार, मग भर अंधारात इंजिन चालू होत नाही. आताच्या दोन अतिनील पट्ट्या आणि लाल लाइट मिळून २४ वॅटच्या आसपास, दोन अँपिअर, रात्रभराचे बारा. लाल-हिरवा-पांढरा यांची तार वेगळी, फ्यूज वेगळा, आणि त्यांना डिमर नाही म्हणजे नाही. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, तार कल्हईवाली तांब्याची, जोडांवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी.

रेडिओ असलेल्यांनी एक तपासणी नक्की करावी. स्वस्त एलईडीतलं इलेक्ट्रॉनिक्स व्हीएचएफ रेडिओत खरखर घालतं, अमेरिकन कोस्ट गार्डने २०१८मध्ये याबद्दल धोक्याची सूचनाच काढली होती. शांत चॅनलवर जायचं, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं बटण, खरखर जेमतेम थांबेल तिथे आणायचं आणि मग एलईडी चालू करायचे, खरखर परत आली तर तो लाइट रेडिओला बहिरा करतोय. दादाच्या जुन्या पट्टीच्या डिमरने नेमकं हेच केलं, नवीन लाइटने नाही केलं.

नंतर काय झालं? वहिनींना मासे लागायला लागले, आणि त्याहून मला आवडलं ते म्हणजे त्या आता झटका देण्याआधी सांगतात, "बघ, सरकली." दादाला अजूनही मागे हिरवा उजेड नसल्याची चुटपुट आहे, त्याला मी नांगर टाकून क्रॅपी धरायच्या रात्रींसाठी एक सुटा लाइट ठेवायला सांगितलंय, वायरसकट उचलून आत ठेवता येईल असा. पौर्णिमेच्या आसपास तर ते ब्लॅक लाइटही बंद ठेवतात, चांदण्यात मोनो तशीच दिसते. हातातला मोठा स्पॉटलाइट बोटीत आहे पण तो फक्त परत येताना बुंधे आणि धक्का बघायला, क्षणभर लावून बंद, आणि दुसऱ्या बोटीच्या तोंडावर कधीच नाही. फिशफाइंडरची स्क्रीन नाइट मोडवर सगळ्यात खालच्या ब्राइटनेसला ठेवलीय, तरी पुढच्या डेकवरची अजून थोडी डोळ्यात येते, तिच्यावर एक छोटं झाकण बसवायचं राहिलंय.